इरलं कुठं गळतं

इरलं कुठं गळतं हे इरल्याकडं बघून कळत नाही. ते पांघरून दिवसभर वाकलेल्या बाईची पाठ बघावी लागते. एवढी साधी गोष्ट आहे. ह्या साध्या गोष्टीपायी माझ्या वाडीनं मला वाळीत टाकलं नाही एवढंच, बाकी सगळं केलं.

ज्यांनी इरलं फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात बघितलंय त्यांना सांगतो. छत्री एक हात खाते. भात लावणाऱ्या बाईला दोन्ही हात चिखलात लागतात. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं एकेक काडी खोचायची. म्हणून होडी उपडी घालावी तसं इरलं ती डोक्यावर आणि पाठीवर घेते. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मधे पळसाची पानं एकावर एक रचलेली, काठाला सालीचा दोर. पुढचं तोंड डोक्यावर, शेपूट कमरेच्या खाली. कुठं गाठ नाही, पट्टा नाही. नुसतं पाठीवर ठेवलेलं असतं आणि बाईनं आठ-नऊ तास वाकून ते सांभाळायचं असतं.

मी यमाजी. आमची वाडी मुरबाडपासून दोन कोसांवर, टोकावड्याच्या वाटेला. गावापासून अशा अंतरावर, की गावाला काम पडलं तर हाक ऐकू यावी आणि आम्ही पाणी मागितलं तर गावाला ऐकू येऊ नये. जमीन कुणालाच नाही. दिवाळी झाली की वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर जाते, शिमग्यानंतर परत येते. वैशाखात मी इरली बांधायला बसतो. बाप बांधायचा, मी बांधतो. पण इरलं कसं असावं हे मला बापानं नाही शिकवलं. गोदीनं शिकवलं, आणि तिला कामटीसुद्धा धड सोलता येत नव्हती.

गोदी माझी बायको. किन्हवलीकडची. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माझं नवंकोरं इरलं घेऊन ती गावातल्या अण्णाशेटच्या भाताच्या खाचरात लावणीला गेली. संध्याकाळी आली, इरलं उतरवून कुडाला टेकवलं आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"बघ," म्हणाली.

"काय बघू?"

"तुझी कारागिरी."

डाव्या खांद्यापासून बगलेपर्यंत लुगडं चिंब होतं. बाकी पाठ कोरडी.

"रोप लावताना डावा खांदा खाली जातो रं. तू इरलं उभ्या बाईसाठी बांधलंस. उभ्या बाईला मजुरी कोण देतो?"

तेव्हापासून पंधरा वर्षं हाच आमचा नेम. ती लावणीवरून आली की मी म्हणायचो, "वळ, पाठ बघू दे." ती वळायची. मी ओल वाचायचो. खांद्यावर वाटोळा डाग म्हणजे पान फाटलंय. कण्यावर लांब रेघ म्हणजे मधली काठी सैल आहे. आणि ओलीनं जे कळत नाही ते ती तोंडानं सांगायची. सांगायची म्हणजे काढायची माझी. "पुढची पागोळी थेट बोटांवर पडते. बोटं बधिर झाली की रोप मोडतं. तोंड दोन बोटं पुढं काढ." "काठ मुठीला अडकतो, डावीकडनं खोल काप." "हे इरलं हाय का खोपट? ह्यात मी बसू का शेळ्या बांधू?" मी चिडायचो, दोन दिवस बोलायचो नाही, तिसऱ्या दिवशी तोंड दोन बोटं पुढं काढायचो.

मुरबाडच्या बाजारात, सरळगावला, किन्हवलीला बाया मागून घ्यायला लागल्या. यमाजीचं इरलं हाय काय, म्हणून विचारायच्या. ते गोदीचं इरलं होतं. ती जिवंत असेपर्यंत मी हे एकदाही बोललो नाही. पुरुषाची जात. तोंड दिलंय ते भाकरीला आणि फुशारकीला.

एकोणसाठ सालच्या भादव्यात ती तापानं चार दिवसांत गेली. मूल झालेलं नव्हतं. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णाशेटकडं गेलो. अण्णाशेट म्हणजे भाताची गिरणी, नदीकडची सगळी खाचरं आणि दरवर्षी मजुरणींसाठी साठ इरली. माझ्या इरल्यांचं मोठं गिऱ्हाईक तोच. त्यानं ओटीवर एक इरलं हातात घेतलं, वर-खाली केलं.

"हलकं वाटतंय रे. पान चोरतोस काय?"

"शेट, दोन थर असतात. पहिल्यापासून."

"तीन कर. जड असलं म्हणजे टिकतं."

अण्णाशेट आयुष्यात कधी इरल्याखाली गेला नव्हता. त्याची छत्री मुंबईची, तीही मुकादम म्हादू धरायचा. पण मला नाही म्हणता आलं नाही. गोदी असती तर मी घरी जाऊन विचारलं असतं आणि तिनं मला वेड्यात काढलं असतं. घरी कोण होतं? मी तीन थर घातले. अण्णाशेटनं इरलं अंगणात उपडं ठेवायला लावलं आणि म्हादूनं त्यावर चार घागरी ओतल्या. खाली थेंब नाही. अण्णाशेट खूश. मीपण खूश झालो, आणि ही चूक माझी आहे, अण्णाशेटची नाही. चाळीस वर्षांचा कारागीर, पंधरा वर्षं पाठी वाचलेला, आणि जमिनीवर निजवलेल्या इरल्यावर पाणी ओतून खूश झाला.

त्या पावसाळ्यात कुणी काही बोललं नाही. पुढच्या वैशाखात बाजारात बाया माझ्यापुढून जायच्या, इरल्याला हात लावायच्या आणि शेजारच्या बुरुडाकडं वळायच्या. त्याचं इरलं माझ्या पायाशी बसणार नाही असं. मी विचारायचो, गेल्या वर्षीचं कसं निघालं? सगळ्यांचं एकच. बेस हाय.

हे आमच्या लोकांचं बेस हाय मला माहीत आहे. दवाखान्यात डॉक्टर विचारतो, बेस हाय. तलाठी विचारतो, बेस हाय. भट्टीवर पाय भाजून साल निघालेली असते आणि मालक विचारतो तेव्हाही बेस हाय. खरं सांगितल्यानं आजवर कुणाचं बरं झालेलं आम्ही बघितलं नाही. त्यात माझं घर बसलेलं. ज्याची बायको गेली त्याच्या हातच्या कामाला नाव ठेवू नये, असं आमच्यात मानतात. दया करतात. त्या दयेनं माझा धंदा गळा दाबून मारत आणला.

पाऊस सुरू झाल्यावर शेजारच्या जानीला धरून विचारलं. तिचा माझा मधला कूड एक, लहानपणापासूनची ओळख.

"जाने, इरलं कसं हाय?"

"बेस हाय, दादा."

"गळतं काय?"

"नाय बा."

"मग दोन दिस लुगडं का वाळत घातलंय?"

"पाऊस हाय ना, दादा."

"इरल्याच्या बाहेर पाऊस हाय. लुगडं इरल्याच्या आत होतं."

जानी हसली आणि आत गेली. विषय संपला.

एकसष्टच्या आषाढात लावणी ऐन भरात असताना अण्णाशेटनं बोलावलं. "म्हादू सांगतो, दुपारनंतर बाया कुडकुडत बांधावर बसतात. इरली गळतात म्हणे तुझी. ही लावणी संपायच्या आत काय ते बघ, नाही तर पुढच्या वर्षी कल्याणहून मेणकापडाच्या खोळी आणतो."

माझ्या घरात पडलेलं जुनं-नवं प्रत्येक इरलं मी स्वतः उन्हाकडं धरून बघितलं. एक भोक नाही. पाणी ओतलं, थेंब नाही. मग ओल येते कुठून? इरली गेली तर मी भट्टीवर बारा महिने राबीन, मरणार नाही. पण पंधरा पावसाळे एका बाईनं पाठ भिजवून जे माझ्या हातात घातलं ते माझ्याच हातानं बिघडलं होतं, आणि कुठं बिघडलं ते सांगायला एक माणूस नव्हतं. मला पैसा नको होता, मला कुणीतरी नाव ठेवायला हवं होतं.

म्हणून मी अण्णाशेटच्या खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.

बारा बाया ओळीनं वाकलेल्या. वरून कासवं चरताना दिसावीत तशी बारा इरली. पण खालच्या पाठी दिसेनात. एक मात्र दिसलं, सगळी इरली पुढं झुकलेली. गोदीच्या पाठीवर इरलं असं कधी बसलं नव्हतं.

ओळीत पहिली होती हौशी. म्हातारी, सगळ्या बायांची म्होरकी, जिभेला हाड नाही.

"काय रं यमाजी, बगळा झालास? उभा ऱ्हाऊन काय टिपतोस?"

बाया हसल्या.

"इरली बघतो, हौशे."

"इरली कुडाला टेकल्यावर बघ. आता त्यांच्या खाली बाया हायत."

पुन्हा हसल्या. मीपण हसलो. तिथंच निघून आलो असतो तर बरं होतं. पण भाकरीची वेळ झाली आणि बाया एकेक करून उठल्या. हौशीची सून सावळी माझ्या जवळच्या कडेला होती. वर्ष झालं असेल लग्नाला. तिनं इरलं उतरवलं, बांधाला टेकवलं आणि हात धुवायला वळली. मला तिच्या कमरेच्या मागं ओल दिसली. खांदे कोरडे, कणा कोरडा आणि कमरेवर हातभर रुंद ओल. आजपर्यंत असली ओल मी बघितली नव्हती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"थांब," मी म्हणालो. "वळ, पाठ बघू दे."

पंधरा वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य. ते दुसऱ्याच्या बायकोला बोलायचं नसतं एवढी अक्कल त्या घटकेला मला उरली नव्हती.

 सावळीनं टेकवलेलं इरलं उचललं आणि परत पाठीवर घेतलं. ऊन पडलेलं होतं त्या वेळी, पाऊस नव्हता.

हौशी चिखलातून माझ्यापर्यंत आली. आता जीभ दुसरी होती.

"तुझी बायको मेली. तुझे डोळे मेले असते तर बरं झालं असतं."

"हौशे, ओल बघत होतो. कंबरेला ओल..."

"अजून नाव घेतो कंबरेचं."

म्हादूनं मला दंडाला धरून बांधावरून उतरवलं. मला सगळं सांगता आलं असतं. गोदीची गोष्ट, खांद्याची, कण्याची. पण ती माझी आणि तिची घरातली गोष्ट होती, आणि बारा बायांपुढं ती माझ्या तोंडातून निघेना.

संध्याकाळी हौशीच्या मुलानं, झिपरूनं, सावळीला मारलं. त्या यमाजीजवळ इरलं का टेकवलंस, म्हणून. माझ्या घरापासून तिसरं घर. सगळं ऐकू येत होतं. मी उठलो नाही. मी गेलो तर तिला दुप्पट पडेल असं मी स्वतःला सांगितलं. भित्रा माणूस स्वतःला पुष्कळ काही सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. सावळीची ओली पाठ मी बघितली, ह्यासाठी बसले. त्याच पाठीवर झिपरूनं वळ उठवले त्यासाठी कुणी बसलं नाही, आणि झिपरू पंचांच्या मागं उकिडवा बसून विडी ओढत होता. मी म्हणालो, इरलं गळतं ते शोधत होतो. एक म्हातारा पंच म्हणाला, "इरलं गळतं तर पाणी बघ. बाई कशाला बघतोस?" बसलेले सगळे हसले. ठरलं ते असं, लावणी संपेपर्यंत यमाजीनं कुठल्या बांधावर पाय ठेवायचा नाही. वाडीतल्या बाईनं त्याच्याशी आणि त्यानं बाईशी बोलायचं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी लावणीवरून परतताना बायांनी माझी इरली माझ्या दारापुढच्या काटेरी कुपाटीपाशी आणून टाकली. कुणी थांबलं नाही. जानीसुद्धा माझ्या दाराकडं न बघता इरलं ठेवून गेली. माझ्या हाताची वस्तू पाठीवर घ्यायची आता त्यांना लाज वाटत होती. बारा इरली. बारावं सावळीचं, मधली काठी मोडलेली. त्यावर झिपरूनं पाय दिला होता. दुसऱ्या दिवशी बाया डोक्यावर गोणपाटाच्या घोंग्या घालून लावणीला गेल्या. गोणपाट पाणी पितं आणि दुप्पट जड होतं. पण ते माझं नव्हतं.

सकाळी उजेडात मी एक इरलं आत ओढलं. मोडून चुलीत घालावं असं मनात होतं. उलटं केलं आणि हात थांबला.

आतल्या जाळीतून पानं ओरबाडून काढलेली होती. माझा तिसरा थर, अण्णाशेटचा थर, हात पोचेल तिथवर मुठीमुठीनं उपसलेला. आणि मानेच्या जागी जाळीला चुंबळ बांधलेली. डोक्यावर हंडा घ्यायला बाया करतात तशी, जुन्या चोळीच्या चिंधीची.

दुसरं ओढलं. पानं उपसलेली, चुंबळ बांधलेली. गोणपाटाची. तिसरं, चौथं. एकाला पोराच्या झबल्याची चुंबळ. बाराच्या बारांना. गाठ सगळ्यांची एकच, म्हणजे कुणीतरी एकीनं दुसरीला शिकवली होती. पाच जणींनी शेपटाला दोरी लावून ती कमरेला बांधायची सोय केलेली. जानीच्या इरल्याची दोरी घासून काळी झालेली होती. ती दोन पावसाळे बांधत होती, आणि मला सांगत होती, बेस हाय, दादा.

 आता सगळं सरळ दिसत होतं. तिसऱ्या थरानं इरलं जड झालं. जड झालं म्हणून मान दुखायला लागली. मान दुखते म्हणून चुंबळ. चुंबळीवर इरलं तराजूसारखं उभं राहिलं, तोंड खाली गेलं आणि शेपूट वर उचललं. आमच्याकडं पाऊस पाठीमागनं वाऱ्याबरोबर येतो. उचललेल्या शेपटातून तो सरळ कमरेवर. मी भोकं शोधत होतो, इरल्याला भोक नव्हतंच. जमिनीवर ठेवून शंभर घागरी ओतल्या असत्या तरी हे कळलं नसतं, कारण जमिनीची मान दुखत नाही.

त्या बारा जणींनी माझं इरलं दोन वर्षं बसून सुधारलं होतं. एकमेकींना सांगितलं, गाठी शिकवल्या, हसल्या असतील, मला शिव्या घातल्या असतील. वाडीत सगळ्यांना माहीत होतं. मी एकटा बाहेर होतो.

तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या थराची उरलीसुरली पानं सगळ्यांची काढली. तोंडाची जाळी विरळ केली, म्हणजे पुढचं वजन घटलं. चुंबळी आणि शेपटाच्या दोऱ्या सोडवल्या आणि भाताच्या पेंढ्याची मऊ गादी मानेच्या जागी विणली, पातळ. सावळीच्या इरल्याला नवी काठी घातली. सोडवलेल्या चिंध्या धुऊन वाळवल्या आणि ज्याच्या त्याच्या आत बांधून ठेवल्या. दुसऱ्याची चिंधी आपण का ठेवून घ्यावी.

मग बघायचं कसं? बांधावर जायचं नाही, बाईशी बोलायचं नाही. एक इरलं मी स्वतः घेतलं. आमच्यात पुरुष इरलं घेत नाही, घोंगडी घेतो. भर पावसात घरामागं जाऊन वाकलो आणि चिखलात काड्या खोचत बसलो, कसल्या तरी, गवताच्या. रस्त्यानं जाणारे दोघं थांबून बघून गेले. घटकाभरानं आत आलो. कुठं भिजलो ते समजेना. हात मागं नेऊन चाचपला तर हातच ओला. सदरा काढून दाराशी उजेडात धरला. कमरेपाशी कोरडा होता, खांद्यावर ओला. पण माझे खांदे गोदीसारखे नाहीत, सावळीसारखे नाहीत. ते इरल्याच्या बाहेरच राहतात. त्या ओलीचा अर्थ काय लावायचा?  घरात दुसरं माणूस असतं तर दोन शब्दांत काम झालं असतं.

बारा इरली मी कुपाटीच्या बाहेर रस्त्याकडेला ओळीनं ठेवली आणि दार ओढून घेतलं. सकाळी बघितलं तर एकही नव्हतं. कोण केव्हा घेऊन गेलं ते कळलं नाही. गोणपाटापुढं लाज किती दिवस टिकणार.

चार दिवसांनी अण्णाशेटचं बोलावणं. ओटीवर माझं एक इरलं पडलेलं, बाजूला म्हादू.

"पान काढलंस."

"काढलं."

"कुणाला विचारून?"

"घालतात त्यांना."

"म्हादू सांगतो, बाया तुझ्याशी बोलत नाहीत."

"नाय बोलत. इरली बोलली." मी चुंबळींचं सांगितलं, मानेचं सांगितलं, शेपूट का उचलतं ते हातानं करून दाखवलं. अण्णाशेटनं ऐकून घेतलं. ऐकून घेताना तो नखं बघत होता.

"बाया काय, गोणपाटातपण लावणी करतात. केलीच की चार-पाच दिवस. घेणारा मी आहे. मी जड सांगितलं होतं."

"घेणारे तुमी, शेट. वाकणाऱ्या त्या. तुमी एकदा घ्या ना पाठीवर. तिसऱ्या थराचं आणून देतो. ह्या अंगणात घटकाभर वाका, मग सांगा जड पाह्यजे का हलकं."

म्हादूनं खाली बघितलं.  मला भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. ज्याच्याशी वाडीत कुणी बोलत नाही त्याला शेटनं बोलणं बंद केलं तर काय मोठं.

"पुढच्या वर्षी मेणकापड," अण्णाशेट म्हणाला. "निघ."

निघालो. साठ इरली गेली. घरी येऊन भाकरी केली, खाल्ली.

लावणी सरत आली होती. दहा दिवस वाडीतलं कुणी माझ्याशी अक्षर बोललं नव्हतं. शेजारी जानी पोरांवर ओरडायची तेवढा माणसाचा आवाज. मी दारात बसून कामट्या सोलत होतो, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. दुपारी कुपाटीपलीकडं हौशी येऊन उभी राहिली. खांद्यावर इरलं. तोंड रस्त्याकडं, जशी काय रस्त्याशी बोलते आहे.

"तुझ्याशी बोलायला नाय आले. इरल्याचं सांगायला आले."

मी उठलो नाही. उठलो तर ती जाईल असं वाटलं.

"सांग."

"वारा शिरतो. सावळी म्हणते, उठताना उचलतं आणि उडतं. काल नाल्यात गेलं, पोरगी धावली मागं."

"कुठल्या अंगानं शिरतो?"

"डाव्या."

"वाकल्यावर का उठताना?"

"उठताना म्हटलं ना. बहिरा हायस?"

"तिचंच उडतं का सगळ्यांचं?"

"जानीचं बी. माझं नाय, मी जाडी हाय." मग स्वतःशीच थांबली. "बास. पंचांनी बोलू नाय सांगितलंय."

"मग सांगतेस कशाला?"

"भिजतो आमी. पंच नाय भिजत."

"मान?"

"काय मान?"

"दुखते काय अजून?"

हौशीनं मानेवरनं हात फिरवला. "दुखते. कमी दुखते. गादी टोचते, पेंढा चांगला कुटून घे. आळस केलायस तिथं."

"आणखी?"

"आणखी काय, तोंड तुझं."

"सावळी कशी हाय, हौशे?"

तिनं इरलं कुपाटीवरून आत टाकलं. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं काही माफ केल्याचं नव्हतं.

"ते तुझ्या इरल्याचं नाय. ते इचारू नको." आणि जाता जाता, "उद्या येरवाळी पाह्यजे. सात वाफे ऱ्हायलेत."

ती गेली. मी इरलं मांडीवर घेतलं. डावा काठ बोटानं चाचपला, जिथं वारा शिरत असणार तिथं दोर सैल होता. तिसरा थर गेल्यावर काठ हलका पडला होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. काठाला बारीक बांबूची एक फेरी जास्त घालावी लागणार होती, वजन न वाढवता. पेंढा कुटायला पाट्यावर काढला. मेणकापड यायचं ते पुढच्या वर्षी. हे उद्या सकाळी पाहिजे होतं.